दीड बोटाचा उशीर

पिरंगुटचा घाट ताम्हिणीपुढे अगदीच किरकोळ. पुण्याकडे येताना धडधाकट गाडी तो बघता बघता चढून जाते. आमची पद्मिनी मात्र गेली तीन वर्षं त्या घाटात दम टाकायची. तिसरा गिअर धरवायचा नाही. दुसऱ्यावर आणली की नुसती घरघर, मधूनच सायलेन्सरमधून फट्‌फट्, आणि वर पोचून बॉनेट उघडावं तर रेडिएटर खदखदत असायचा. थोडं थांबून परत स्टार्टर मारला तर कधी कधी इंजिन उलटा झटका द्यायचं. तीच गाडी बायपासला लागली की साठ-पासष्टच्या वेगाने कुरकूर न करता पळायची. सपाटीला शहाणी, चढाला आजारी, असा तो सगळा प्रकार होता.

गाडी १९८६ची, अण्णांनी घेतलेली. ते गेल्यावर ती चांद्यातल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि मी गावी परत राहायला आल्यावर बाहेर निघाली. तीन वर्षांत तीन गॅरेजं झाली. तिन्हीकडे झालं ते काम एकच. डिस्ट्रिब्युटरचा नट ढिला करायचा, इंजिन चालू ठेवून ती डबी हाताने जराशी फिरवायची, आवाज बरा लागला की नट आवळायचा आणि म्हणायचं, ‘टायमिंग लावून दिलंय.’ आठ-दहा दिवस बरे जायचे. मग परत घाट, परत वाफ.

या लेखात मी जे सांगणार आहे ते त्या डबीबद्दल आहे. ती फिरवणं सोपं असतं आणि फिरवल्यावर फरकही जाणवतो, म्हणून तिच्या मागे दडलेली खरी झीज वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. हे मला शिकवलं चांद्यातल्याच एका वृद्ध मिस्त्रींनी. मुळशी-मावळातून पोटासाठी मुंबईला जायची रीत जुनी. मुंबईचे डबेवाले ज्या तालुक्यांतून गेले त्यांत आमची मुळशी आहे. तसेच हे काका तरुणपणी गेले आणि डब्यांऐवजी टॅक्सीच्या गॅरेजात लागले. पस्तीस वर्षं त्यांनी काळ्या-पिवळ्या फियाट उघडल्या आणि मिटवल्या. आता गावी भाताची खाचरं बघतात. नाव छापू नको म्हणाले, म्हणून इथे ते नुसते मिस्त्रीकाका.

त्यांनी गाडी पाहिली, पण इंजिन सुरू करू दिलं नाही. मला विचारलं, “सपाटीला कशी चालते?”

“छान चालते.”

“आणि अण्णांच्या वेळी घाटात?”

मला आठवेना. घरी आईला विचारलं. ती म्हणाली, पूर्वी चार माणसं नि तांदळाची पोती घेऊन ही गाडी घाट चढायची. इंजिनचं काम करून आणल्यापासून मात्र अण्णा तिच्यावर चिडायचे. काम २००८-०९च्या सुमाराला झालं होतं. ज्या गॅरेजात झालं ते आज अस्तित्वात नाही.

एवढं ऐकून काका म्हणाले, “उद्या सकाळी ये. गाडी थंड पाहिजे.”

*

टायमिंग म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काम म्हणजे नुसती उचकापाचक वाटेल.

इंजिनच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो, पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो, प्लग ठिणगी देतो, मिश्रण जळतं आणि त्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. हे शाळेच्या पुस्तकात असतं. तिथे बहुधा नसतं ते हे, की मिश्रण पेटल्यापासून पुरतं जळायला वेळ लागतो, साधारण दोन-तीन सहस्रांश सेकंद. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर क्रँक एका सेकंदात ५० वेळा, म्हणजे १८,००० अंश फिरतो. दहा अंश फिरायला त्याला एका सेकंदाचा अठराशेवा भाग लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोचण्याच्या आधीच ठिणगी पडावी लागते, म्हणजे दाबाचा सगळा जोर पिस्टन वरून बारा-पंधरा अंश खाली वळल्यावर त्याच्या डोक्यावर येतो. ठिणगी उशिरा पडली तर चढ सरल्यावर बैलाला हाक दिल्यासारखं होतं. जळण अर्धवट राहून आग सायलेन्सरच्या नळीत जाते, इंजिन तापतं, ओढ जाते. ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन वर येतानाच त्याला वरून दणका बसतो. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा बारीक टकटकाट ऐकू येतो आणि गरम इंजिन सुरू करताना स्टार्टरला उलटा झटका बसतो.

दुसरं टायमिंग व्हॉल्व्हचं. मिश्रण आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा दरवाजा कधी उघडावा, कधी मिटावा हे कॅमशाफ्ट ठरवतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो. पद्मिनीत हे दोघे पुढच्या झाकणाआड एका साखळीने बांधलेले असतात. आणि ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर या कॅमवरूनच फिरतो. या एका जोडणीत आमच्या गाडीच्या आजाराचं मूळ होतं. साखळी चुकली की दोन्ही टायमिंगं एकदम चुकतात. डबी फिरवून त्यांतलं ठिणगीचं तेवढं दुरुस्त होतं. व्हॉल्व्हचं तसंच चुकलेलं राहतं, आणि बाहेरून कुणाला दिसत नाही.

*

सकाळी साडेसातला काकांनी अंगणात गोणपाट अंथरला. त्यावर पाने, प्लगचा पाना, फीलर गेज, पॉलिश पेपरचा तुकडा, खडू, आणि दोन वायरी जोडलेला पार्किंग लाइटचा बारा व्होल्टचा दिवा. कॉम्प्रेशन गेज त्यांनी मुलाकडून पिरंगुटच्या एका गॅरेजातून मागवलं होतं.

पहिल्यांदा चारही प्लग काढले आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. चौघांचे आकडे जवळजवळ सारखे आले, आणि चौघांचेही कमी. मला वाटलं, झालं, रिंगा गेल्या, इंजिन उघडायचं. काकांनी मान हलवली. रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजतात तेव्हा सहसा एखादा सिलिंडर जास्त पडतो, एखादा कमी. त्यांनी प्लगच्या भोकांतून चमचाभर तेल सोडून परत मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून आकडा चांगला वर गेला असता. तो जवळपास तिथेच राहिला. चौघं सारखे अशक्त आहेत, म्हणजे दुखणं चौघांच्या सामाईक जागी आहे. आणि चौघांना सामाईक असतो तो कॅम.

कारण उघड आहे. कॅम मागे पडला की आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. तोवर पिस्टन वर यायला लागलेला असतो आणि आत घेतलेली हवा थोडी परत बाहेर ढकलतो. मंद फेऱ्यांना हे नुकसान जास्त. जलद फेऱ्यांना आत येणाऱ्या हवेलाच जोर असल्याने ती तशी परत फिरत नाही. सपाटीला शहाणी आणि चढाला आजारी, या कोड्याचं उत्तर इथे होतं. तीन वर्षं मी ते लक्षण प्रत्येक गॅरेजात तोंडपाठ सांगत होतो, आणि एकानेही त्यावर दोन मिनिटं विचार केला नव्हता.

मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण निघालं. आत मधोमध रोटर, आणि खाली पॉईंट. पॉईंट म्हणजे दोन बारीक टेकणाऱ्या टिकल्या. शाफ्टवरचे चार उंचवटे त्यांना फेऱ्यागणिक चारदा उघडतात, आणि ज्या क्षणी त्या एकमेकींपासून सुटतात त्या क्षणी कॉईलमधून ठिणगी निघते. काकांनी एका उंचवट्यावर पॉईंट पूर्ण उघडून ०.४५ मिलिमीटरची पट्टी आत सरकवली. घट्ट-सैल बरोबर बसली. इंजिन हाताने फिरवून पुढच्या उंचवट्यावर आणलं. तीच पट्टी आता आत जाईना. तिसऱ्यावर परत गेली.

“धर,” म्हणाले, आणि रोटरखालचा शाफ्ट माझ्या बोटांत दिला. बाजूला हलवला तर तो खटखट हलला. डिस्ट्रिब्युटरच्या आतला बुश झिजला होता. शाफ्ट सरळ न फिरता डुलत होता, म्हणून प्रत्येक सिलिंडरची फट वेगळी. फट जास्त झाली की पॉईंट लवकर सुटतात आणि ठिणगी पुढे येते. कमी झाली की मागे जाते. चार सिलिंडर, चार वेगवेगळी टायमिंगं. अशा गाडीला कानाने टायमिंग लावणारा माणूस चौघांच्या मधला कुठलातरी सूर पकडतो. त्यातला एक सिलिंडर तरी नेहमी चुकीचाच राहतो.

ही तपासणी करायला हत्यार लागत नाही. झाकण काढायचं आणि शाफ्ट दोन बोटांत धरून बाजूला हलवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पॉईंटची जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने ते स्वतः करून पाहावं, हे मी आग्रहाने सांगेन.

*

बुश हा एक दोष झाला. पण सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन बुशमुळे पडत नाही. काकांनी आता वरचं टॅपेट कव्हर काढलं.

चार सिलिंडरच्या या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२. एक नंबर आणि चार नंबरचे पिस्टन बरोबरीने वरखाली जातात. चार नंबर दाबाच्या टोकाला असतो तेव्हा एक नंबर धूर सोडून संपवत असतो आणि नवं मिश्रण घ्यायला सुरुवात करत असतो. त्या सांध्यावर एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह जराजरासे उघडे असतात. एक मिटत आलेला, एक उघडू लागलेला. काका याला ‘झोका’ म्हणतात, कारण तिथे क्रँक थोडा मागेपुढे केला की एक रॉकर खाली आणि दुसरा वर असे दोघे झुलतात. साखळी बरोबर बसलेली असेल तर हा झोका पिस्टन वरच्या टोकाला असतानाच्या आसपास यायला हवा.

आधी खरं टोक शोधलं. पुलीवरची खूण आणि झाकणावरचा काटा जुळला की पिस्टन वर, असं पुस्तक सांगतं. पण पुली मागे कधी बदलली असेल, खूण खोटी असेल, म्हणून काकांनी तिच्यावर भरवसा ठेवला नाही. पिस्टन वरून ठरावीक अंतर खाली असतानाच्या दोन जागा, एक येतानाची आणि एक जातानाची, त्यांनी पुलीवर खडूने आखल्या आणि दोन्हींचा मध्य काढला. मध्य खुणेवरच पडला. खूण खरी होती.

मग इंजिन नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवत ते पुशरॉड अंगठा आणि तर्जनीत धरून गोल फिरवून पाहू लागले. पुशरॉड सहज फिरला तर तो व्हॉल्व्ह बंद. घट्ट झाला तर उघडू लागला. खूण काट्याशी आली. धूर सोडणारा व्हॉल्व्ह अजून चांगला उघडा होता, आत घेणारा पुशरॉड बोटांत मोकळा फिरत होता. झोका आला नव्हता. पाना आणखी सरकला. खूण काट्याच्या पुढे गेली, आणखी गेली, आणि तेव्हा कुठे दुसरा पुशरॉड घट्ट झाला आणि दोन्ही रॉकर झुलले. काकांनी तिथे खडूची रेघ मारली आणि खुणेपासून अंतर मापायला दोन बोटं ठेवली. एक पूर्ण, एक अर्धं.

“दीड बोट,” म्हणाले. “ही झीज नाही. हा दात आहे.”

नुसती साखळी ताणली तर क्रँकच्या मानाने कॅम काही थोडे अंश मागे पडतो. पण साखळी बसवताना एक दात चुकला तर फरक मोठा. क्रँकच्या बारक्या चाकाला समजा वीस दाते आहेत, तर एक दात म्हणजे ३६० भागिले वीस, १८ अंश. सुमारे तेरा सेंटिमीटर व्यासाच्या पुलीच्या काठावर १८ अंश म्हणजे दोन सेंटिमीटर. काकांची दीड बोटं तेवढीच होती. पंधराएक वर्षांपूर्वी इंजिन उघडलं तेव्हा साखळी एक दात उशिरा बसवली गेली, इंजिन सुरू झालं, डबी फिरवून ठिणगी जुळवली गेली, आणि गाडी घरी आली. अण्णांनी शेवटची वर्षं त्या गाडीला नावं ठेवण्यात घालवली. ती गाडी बिचारी एक दात मागे चालत होती.

हे कळल्यावर मी थोडा वेळ पायरीवर जाऊन बसलो. काकांनी काही विचारलं नाही. चहा आला, तो प्यालो, आणि कामाला लागलो.

*

या गाडीचं कूळ आपल्याच मुलुखातलं आहे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद, ज्यांच्या नावाने पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर वसलं, त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली आणि १९७४ साली तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची चाल ७५. मराठी मध्यमवर्गाच्या कितीतरी घरांतली पहिली गाडी हीच, आणि मुंबईची टॅक्सी म्हणजे तर हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली.

तेव्हा वर्तमानपत्रांत गाडीबद्दल हळहळ पुष्कळ छापून आली. मला तिच्याबरोबर गेलेल्या हातांची जास्त चुटपुट लागते. टॅक्सी चोवीस तास चालायची, दोन पाळ्यांत दोन ड्रायव्हर. गाडी उभी राहिली तर धंदा बुडाला. त्यामुळे त्या गॅरेजांतल्या माणसांना दोष लवकर आणि नेमका हुडकावा लागायचा. खडू, दिवा आणि बोटं वापरून. काकांसारखी माणसं आता कोकणात, सातारा भागात, आमच्या मुळशीत आपापल्या गावी परतली आहेत. त्यांच्याजवळचं काही कुठे लिहिलेलं नाही.

*

साखळी आणि दोन्ही चाकं आणायला मी नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा जुना भाग मिळायचा तर तिथेच. चौथ्या दुकानात, माळ्यावरच्या तेलकट कागदात गुंडाळलेली साखळी निघाली. दुकानदाराने आधी गाडीचं वर्ष विचारलं, मग जुनी चाकं दाखवा म्हणाला आणि दाते मोजून मगच दिली. चांगला दुकानदार असा ओळखावा. बुश तयार मिळेना, म्हणून पिरंगुटच्या एका लेथवाल्याकडून गनमेटलचा करून घेतला. त्याने शाफ्ट मायक्रोमीटरने तीन जागी मापला. शाफ्ट स्वतः फारसा झिजला नव्हता, हे नशीब.

रेडिएटर उतरवला, पुली काढली, झाकण उघडलं. आतली दोन्ही चाकं आणि त्यांवरच्या खुणा पहिल्यांदा दिसल्या. खुणा समोरासमोर येत नव्हत्या. एक दाताचं अंतर, डोळ्यांनी मोजता येईल इतकं स्पष्ट. काकांनी बोट दाखवलं आणि मला फोटो काढायला लावला. नवी साखळी बसवताना त्यांनी खुणा जुळवल्या, मग क्रँक पूर्ण दोन फेरे हाताने फिरवून परत तपासल्या. दोन फेऱ्यांनंतर खुणा परत समोरासमोर यायलाच हव्यात. घाईत नेमका हाच टप्पा गाळला जातो, आणि दात चुकतो तो तिथेच.

ठिणगी जुळवणं सगळ्यांत शेवटी. आधी पॉईंट घासून साफ, मग फट. चारही उंचवट्यांवर आता एकच पट्टी जात होती. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरवलं. अंगठा आतल्या हवेने उचलला गेला, म्हणजे पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वर येतोय. हा अंगठा महत्त्वाचा, कारण पुलीची खूण दोन फेऱ्यांत दोनदा जुळते आणि त्यांतली एकच खरी. चुकीची धरली तर ठिणगी धुराच्या वेळी पडते आणि इंजिन कार्बोरेटरमधून शिंकत राहतं. पुलीची खूण कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या आगाऊ अंशांवर आणून थांबवली. दिव्याची एक वायर कॉईलवरून पॉईंटकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरी बॉडीला, आणि चावी चालू. पॉईंट टेकलेले असतील तर दिवा विझलेला. डबी हळूच फिरवत न्यायची. पॉईंट सुटले त्या क्षणी दिवा लागला. तिथे नट आवळायचा. इंजिन बंद, आवाज नाही, अंदाज नाही.

पहिल्यांदा आवळताना डबी केसभर हलली आणि दिवा आधीच लागू लागला. काकांनी परत ढिला करून सगळं परत केलं. चार वेळा. चौथ्यांदा क्रँक दोन फेरे फिरवून आणला तेव्हा खूण काट्यावर आली आणि दिवा लागला, एकदमच.

मला जाणवलेली एक गोष्ट अशी, की डबी आता जिथे बसली ती जागा आधीच्या जागेपासून चांगलीच लांब होती. आधी ती इतकी फिरलेली होती की प्लगच्या एका वायरीला ताण बसायचा. ‘इतकी का फिरवावी लागतेय?’ हा प्रश्न कुणी विचारला असता तर तीन वर्षं वाचली असती.

टायमिंग लाइट लावून चालत्या इंजिनवर आम्ही खूण पाहिली. आता ती एका जागी स्थिर होती आणि रेस दिल्यावर सरळ पुढे सरकत होती. डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरकीने बाहेर फेकली जाणारी छोटी वजनं असतात. इंजिन जलद झालं की ती ठिणगी आपोआप आणखी लवकर पाडतात. ही वजनं गंजून अडकली तर थंड गाडी उभी असताना टायमिंग बिनचूक दिसतं आणि वेगात फसतं. ज्या गाड्यांत व्हॅक्युमची नळीही असते तिथे आतला पडदा फाटलाय का तेही बघावं. नळी तोंडाने ओढून धरली आणि जिभेला ती चिकटून राहिली, तर पडदा शाबूत.

*

आजचं पेट्रोल हा वेगळा विषय आहे, पण टायमिंगशी त्याचा संबंध आहेच. पद्मिनीचं पुस्तक छापलं तेव्हा पेट्रोलात शिसं असायचं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं, आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. इथेनॉलमुळे टकटक कमी होते. पण त्याच्या अंगात प्राणवायू असल्याने त्याच जेटमधून मिश्रण पातळ पडतं, आणि पातळ मिश्रणाचं इंजिन उशिरा टायमिंगसारखंच तापतं आणि ओढत नाही. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही त्यात लवकर खराब होतो. तेव्हा ठिणगीला दोष देण्याआधी पेट्रोलची नळी बदललीय का ते पाहावं. आम्ही सगळ्या नळ्या बदलल्या आणि जेट साफ केले.

पट्ट्याच्या गाड्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये ती बनणं थांबलं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आणि साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा. तसा पट्टा त्यानंतरच्या अनेक छोट्या गाड्यांत आहे. साखळी जुनी झाली की खडखडते, आधी सांगते. पट्टा न सांगता तुटतो. आणि रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. आमच्या शेजाऱ्यांची गाडी टाळेबंदीत दीड-दोन वर्षं हलली नव्हती. किलोमीटर कमी म्हणून पट्टा बदलला नाही. तुटला, उघडे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले, हेड उतरवावं लागलं. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतात तिथे हे ठरलेलंच. किलोमीटर आणि वर्षं यांतलं जे आधी भरेल त्या वेळी पट्टा बदलावा. बदलल्याची तारीख कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवावी.

नव्या गाड्यांत डबीच नाही. क्रँक कुठे आहे, कॅम कुठे आहे हे दोन सेन्सर सांगतात, टकटक झाली तर तिसरा ऐकतो, आणि संगणक दर ठिणगी वेगळी ठरवतो. चांद्यापासून जवळच, हिंजवडीत, गाड्यांची अशी सॉफ्टवेअर लिहिणारी मुलं हजारोंनी काम करतात. त्यांतला एक मुलगा, आमच्या गल्लीत भाड्याने राहणारा, त्या दिवशी झोका बघायला उभा होता. क्रँकच्या आणि कॅमच्या खुणा जुळत नाहीत असा दोष त्याच्या कामात रोज एका कोडनंबराने येतो, म्हणाला. त्या नंबरामागे खरोखर काय असतं ते त्याने पहिल्यांदाच पुशरॉड बोटांत धरून पाहिलं.

*

तीन दिवसांनी आम्ही पिरंगुटच्या घाटात गेलो. काका शेजारी, मागे माझी आई आणि तांदळाचं एक पोतं, आईच्या हट्टाने. घाट तिसऱ्यावर चढलो. मधल्या वळणाआधी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तेव्हा अगदी बारीक टकटक एकदा ऐकू आली आणि थांबली. काका म्हणाले, एवढी हवीच. वर थांबून बॉनेट उघडलं. पाणी शांत होतं. आईने खाली न उतरता खिडकीतून एवढंच विचारलं, “झालं ना?”

पुढच्या आठवड्यात पीयूसी केली. भारत स्टेज-२च्या आधीच्या निकषांनुसार बनलेल्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. मागच्या वर्षी आमची गाडी हायड्रोकार्बनमध्ये १३८० दाखवून कशीबशी सुटली होती. या वेळी ६१० आले. हायड्रोकार्बन म्हणजे न जळता बाहेर गेलेलं पेट्रोल. चुकलेल्या ठिणगीचा हिशोब त्या छोट्या कागदावर दरवर्षी छापून येत होता आणि मी तो घडी घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवत होतो. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर मागच्या चार पीयूसी काढून तो आकडा शेजारी शेजारी मांडा. तो दरसाल वाढत असेल तर डबी फिरवू नका, आधी कारण शोधा.

काकांच्या सगळ्या पायऱ्या मी वहीत लिहून घेतल्या आहेत, चित्रांसकट. यंदा खंडेनवमीला त्यांच्या फीलर गेजशेजारी आम्ही ती वहीही पूजेत ठेवली. तुमच्या गावात, नात्यात, ओळखीत मुंबईहून परतलेला एखादा टॅक्सीचा मिस्त्री असेल तर या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे जा. फराळ न्या, वही न्या, आणि जमलं तर एखादं बंद पडलेलं डिस्ट्रिब्युटर न्या. तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. आमचे काका यंदा अठ्ठ्याहत्तरचे झाले.